दिवस संपतो, पार्सलं संपत नाहीत : नव्या डिलिव्हरी ड्रायव्हरचा वेळ नेमका कुठे जातो ते शोधा

नवीन मुलं रूटवर आली की पहिल्या काही आठवड्यांत बहुतेकांची तक्रार एकच असते. मन लावून काम करतो, जेवायलाही थांबत नाही, तरी संध्याकाळी गाडीत पार्सलं उरतातच. मी अनेकांच्या शेजारी बसून त्यांचा दिवस पाहिला आहे. काम चांगलं करणारी, प्रामाणिक मुलं केवळ या एका गोष्टीमुळे महिनाभरात खचून नोकरी सोडतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. कारण बऱ्याचदा दोष माणसात नसतो. तो कुठल्या तरी एक-दोन जागी असतो आणि शोधला तर सापडतो.

लक्षणं

यातली तीन-चार जरी ओळखीची वाटली तरी पुढचं वाचा.

- सकाळचे दोन-तीन तास व्यवस्थित जातात, दुपारनंतर एकदम मागे पडायला होतं.
- प्रत्येक स्टॉपला गाडीच्या मागे चढून पार्सल हुडकावं लागतं.
- ज्या गल्लीतून तासाभरापूर्वी बाहेर पडलात तिथेच पुन्हा जावं लागतं.
- फोनची बॅटरी दुपारीच लाल होते.
- ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा रोज बऱ्याच पार्सलांवर पडतो.
- ‘डिलिव्हर्ड दाखवतंय, पण मिळालं नाही’ अशा तक्रारी येतात.
- संध्याकाळी कंबर धरते, डोकं दुखतं आणि गाडी आपोआप जोरात पळवली जाते.

आधी एक गोष्ट थांबवा : वेग वाढवणं

उशीर झाला की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जातो. हिशेब करून बघा. दोन स्टॉपमध्ये २०० मीटर अंतर असेल, तर ताशी ३० किलोमीटरने २४ सेकंद लागतात आणि ५० ने साधारण १४. म्हणजे वाचले फार तर १० सेकंद. त्यातलेही बरेच गती घेण्यात आणि पुन्हा ब्रेक दाबण्यात जातात. आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर मात्र जवळजवळ पावणेतीन पट होतं.

आता दुसरा हिशेब. प्रत्येक स्टॉपला पार्सल हुडकण्यात एकच मिनिट जात असेल आणि १०० स्टॉप असतील, तर १ तास ४० मिनिटं गेली. वेळ गाडी चालवताना जात नाही, गाडी उभी असताना जातो. खाली दिलेली सगळी तपासणी उभ्या गाडीतल्या वेळेची आहे.

म्हणून सगळ्यात आधी, फुकटातलं काम. एक दिवस सलग दहा स्टॉप घड्याळ लावून बघा. गाडी थांबल्यापासून पुन्हा सुटेपर्यंत किती वेळ गेला आणि कशात गेला : पार्सल शोधण्यात, दार शोधण्यात, माणसाची वाट बघण्यात की स्कॅन आणि ओटीपीत? कागदावर चार रकाने पुरतात. ज्या रकान्यात जास्त मिनिटं पडतील तिथून सुरुवात करा. अंदाजावर जाऊ नका. ज्याला वाटतं ‘माझा वेळ ट्रॅफिकमध्ये जातो’, त्याचा वेळ बहुतेक वेळा दार शोधण्यात गेलेला असतो.

१. फोन

सगळ्यात सोपी तपासणी. फोन गेला की नकाशा, यादी, स्कॅनर, ग्राहकाचा नंबर सगळं एकदम जातं. चार्जिंगची चांगली केबल गाडीत ठेवा आणि एक जादा केबल बॅगेत. दुचाकीवर असाल तर पॉवर बँक लागतेच. फोन काचेवर थेट उन्हात लावू नका. तापला की बरेच फोन स्क्रीन अंधूक करतात आणि चार्जिंगही थांबवतात, मग केबल चांगली असून बॅटरी उतरत राहते. एसीच्या झोताजवळ किंवा सावलीत स्टँड लावला की हा त्रास बराच कमी होतो.

ॲपचं अपडेट आदल्या रात्री करून टाका. ज्या भागात रेंज जाते तिथला नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. स्कॅन एकदम होत नसेल तर बारकोडला दोष देण्याआधी कॅमेऱ्याची काच पुसा. दिवसभर खिशातल्या धुळीने ती माखते.

२. गाडी भरणं

माझ्या मते अर्धा आजार इथेच असतो, म्हणून इथे सविस्तर सांगतो.

सकाळी हबवर, म्हणजे जिथून पार्सलं गाडीत भरून निघतात त्या केंद्रावर, गर्दी असते, सगळ्यांना लवकर सुटायचं असतं आणि पार्सलं हाताला येतील तशी आत ढकलली जातात. तिथे वाचवलेली पंधरा मिनिटं दिवसभर तासांनी फेडावी लागतात.

शेवटचा स्टॉप सगळ्यात आत, पहिला दाराशी. मात्र नुसता हा नियम पुरत नाही. प्रत्येक पार्सलवर जाड मार्करने स्टॉपचा नंबर लिहा, आणि लिहा अशा बाजूला जी तुमच्याकडे तोंड करून राहील. लेबल भिंतीकडे गेलं तर नंबर असून नसल्यासारखा. ग्राहकाचं नाव-पत्ता झाकला जाऊ देऊ नका आणि बारकोडवर तर अजिबात लिहू नका. सगळा माल एकदम क्रमाने लावायचा प्रयत्न नवख्याला जमत नाही, म्हणून त्याचे गट करा : १ ते २० एका बाजूला, २१ ते ४० दुसऱ्या बाजूला, असं. गटाच्या आत थोडं मागेपुढे झालं तरी चालतं, कारण वीसमधून एक शोधणं आणि शंभरमधून एक शोधणं यात फार फरक आहे. एक गट संपला की गाडी सुरक्षित जागी लावून पुढचा गट हाताशी ओढून घ्या. ही पाच मिनिटं थांबल्यासारखी वाटतात, पण पुढच्या वीस थांब्यांवर ती वसूल होतात.

मोठी खोकी क्रमात बसत नाहीत. ती जिथे बसतील तिथे ठेवा, पण यादीत त्या स्टॉपपुढे खूण करा : ‘३४, मोठं, उजवीकडे मागे’. नाहीतर चौतिसाव्या दाराशी तुम्ही छोटी पाकिटं चाळत बसाल आणि ज्याच्यावर गुडघा टेकवलाय तेच खोकं हवं होतं हे शेवटी कळेल. छोटी पाकिटं सुटी टाकू नका, ती पिशवीत किंवा क्रेटमध्ये नंबरवार उभी लावा. सीटच्या खाली घसरलेलं पाकीट हेच ‘हरवलेलं पार्सल’ असतं.

जड माल खाली आणि ड्रायव्हरच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवा. वर ठेवलेलं जड खोकं जोराच्या ब्रेकला पुढे येतं. दुचाकीच्या बॅगेतही जड वस्तू तळाला आणि पाठीच्या बाजूला हवी, नाहीतर वळणावर गाडी ओढते.

निघण्याआधी नग मोजा आणि यादीशी जुळवा. आकडा चुकत असेल तर हबवरच बोला. दुसऱ्या रूटचं पार्सल आलं असेल तर तिथल्या तिथे परत द्या. फाटलेलं, ओलं, दबलेलं खोकं दिसलं तर आत चढवण्याआधी फोटो काढून इन्चार्जला दाखवा. दारात ग्राहकाने बोट दाखवल्यावर ‘आधीच असं होतं’ म्हणून उपयोग नसतो.

३. पत्ता आणि पिन

ॲपमधला पिन, म्हणजे नकाशावर घर दाखवणारी खूण, हा पत्ता नव्हे. ग्राहकाने लिहिलेल्या ओळीवरून नकाशा जागा ठरवतो, आणि नेमकं घर सापडलं नाही तर बऱ्याचदा त्या वस्तीच्या किंवा रस्त्याच्या मधोमध पिन टाकून मोकळा होतो. एकाच ठिकाणी वेगवेगळ्या आडनावांचे पाच-सहा पिन एकावर एक दिसले की समजा, हा वस्तीचा मध्य आहे, घर नव्हे. उंच इमारतींच्या गर्दीत जीपीएसचे सिग्नल भिंतींवर आपटून येतात, तिथे तुमचा स्वतःचा निळा ठिपकाही शेजारच्या गल्लीत दिसू शकतो.

म्हणून क्रम असा ठेवा : आधी लिहिलेला पत्ता पूर्ण वाचा, मग पिन बघा, मग दोन्ही जुळतात का ते ताडा. पिनकोड, इमारतीचं नाव, विंग, मजला, खूण. विंगकडे विशेष लक्ष द्या. ए-३०२ आणि बी-३०२ ही दोन वेगळी घरं असतात, आणि ‘डिलिव्हर्ड दाखवतंय, मिळालं नाही’ या तक्रारींतल्या कित्येक इथेच जन्मतात. दारावरची पाटी आणि लेबलवरचं नाव जुळत नसेल तर नुसतं पार्सल पुढे करू नका, नाव विचारा. ‘हे तुमचंच ना?’ असं विचारलं की घाईत लोक ‘हो’ म्हणतात. ‘कुणाच्या नावाने मागवलंय?’ असं विचारलं की खरं उत्तर येतं.

पत्ता अर्धवट असेल तर फोन गेटवर उभं राहून करू नका. दोन-तीन स्टॉप आधी, गाडी थांबलेली असताना करा. तोवर ग्राहक फोन उचलेल, लोकेशन पाठवेल, घरात कुणी नसेल तर शेजारी सांगून ठेवेल. आणि बोलणं मोघम नको. ‘पत्ता सांगा’ म्हटलं की माणूस लांबच्या चौकापासून सुरुवात करतो. त्यापेक्षा असं बोला :

‘नमस्कार, तुमचं पार्सल घेऊन येतोय, दहा मिनिटांत पोचेन. पत्त्यात इमारतीचं नाव आहे, विंग लिहिलेली नाही. विंग कुठली आणि गाडी कुठल्या गेटने आत घेऊ?’

दोनच नेमके प्रश्न. उत्तर मिळालं की लगेच लिहून ठेवा, कारण तोच ग्राहक पुन्हा मागवणार आहे. एका वहीत आपल्या रूटच्या अवघड पत्त्यांची नोंद करत गेलात तर महिन्याभरात ती वही नकाशापेक्षा जास्त उपयोगी पडते. मात्र त्यात खुणा आणि रस्ते लिहा. लोकांचे फोन नंबर किंवा ‘घरी कधी कुणी नसतं’ असलं काही लिहून ठेवू नका. वही हरवली तर ते कुणाच्याही हाती जाईल.

४. दारातलं काम

पार्सल, फोन आणि पेन गाडीतून उतरतानाच हातात असावेत. वर जाऊन फोन गाडीत राहिल्याचं कळणं म्हणजे चार जिने फुकट.

ओटीपी फोनवर आधी मागू नका. लोकांना फसवणुकीचे इतके फोन येतात की ते घाबरतात, आणि ते बरोबरच आहे. दारात पार्सल दाखवा, लेबलवरचं नाव वाचू द्या, मग ओटीपी मागा. रोख रक्कम घ्यायची असेल तर पार्सल देण्याआधी त्यांच्यासमोर मोजा आणि ती स्वतःच्या पाकिटात कधीही मिसळू नका. संध्याकाळी दोन नोटा कमी भरल्या की सगळा दिवस डोक्यात फिरवावा लागतो.

शेजारी किंवा वॉचमनकडे ठेवायचं असेल तर ग्राहकाची आणि कंपनीच्या नियमाची, दोन्ही परवानगी हवी. फोटोत दाराचा नंबर आणि पार्सल दोन्ही दिसलं पाहिजे, नुसत्या फरशीचा फोटो काहीच सिद्ध करत नाही. माणसांचे, घरातले फोटो टाळा.

आता एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगतो. न जाताच ‘ग्राहक उपलब्ध नाही’ मारायचं नाही. मागे पडलेल्या नवख्याला कुणीतरी हा सल्ला देतंच. ते पार्सल उद्या पुन्हा तुमच्याच गाडीत येतं, म्हणजे काम कमी न होता वाढतं. वर ग्राहक दिवसभर घरी बसून वाट बघत असतो, कधी औषधाची, कधी मुलाच्या परीक्षेच्या पुस्तकाची. आणि तुम्ही त्या दारापर्यंत गेलाच नाहीत हे ॲपमधल्या लोकेशनवरून दिसतं.

गाडीपासून दूर जाताना इंजिन बंद, हँडब्रेक, किल्ली खिशात, दरवाजे लॉक. ‘एका मिनिटाचं काम आहे’ म्हणतात तेव्हाच चोरी होते.

५. स्टॉपचा क्रम

इथे हात घालायची घाई करू नका. नुसत्या १० स्टॉपचे ३६,२८,८०० वेगवेगळे क्रम होऊ शकतात. एवढ्यातून बरा क्रम काढायचं काम ॲप आपल्यापेक्षा चांगलं करतं. पहिले काही आठवडे त्याच क्रमाने जा आणि जिथे तो चुकला तिथे फक्त खूण करा.

तो चुकतो कारण काही गोष्टी त्याला माहीत नसतात. कार्यालयं ठरावीक वेळेला बंद होतात, शाळा सुटताना रस्ता अडतो, एखाद्या संकुलाला मागचं गेट आहे पण ते दुपारी बंद असतं. नकाशावर शेजारी दिसणारी दोन घरं नाल्याच्या दोन बाजूंना असू शकतात. तुमच्या खुणांवरून हे कळायला लागलं की मग तेवढाच तुकडा बदला.

समोरून येणाऱ्या वाहतुकीला छेद देणारी वळणं कमी केली तर वेळही वाचतो आणि धोकाही. यूपीएस ही मोठी कुरियर कंपनी अमेरिकेत आपले रूट शक्यतो डावं वळण टाळून आखते, कारण तिथे गाड्या उजवीकडून चालतात. जिथे गाड्या डावीकडून चालतात तिथे हेच उजव्या वळणाला लागू पडतं. शक्य तिथे रस्त्याची एक बाजू आधी पूर्ण करा, मग वळून दुसरी.

आणि जवळजवळची चार-पाच घरं असतील तर गाडी एकदाच लावा आणि चालत वाटा. प्रत्येक दारापुढे गाडी काढ-लाव करणं, विशेषतः रिव्हर्स घेणं, यात वेळ जातो आणि लहानमोठे अपघातही रिव्हर्समध्येच फार होतात. जिथे वळायला जागा नाही त्या गल्लीत गाडी घालू नका, तोंडाशी लावून चालत जा.

६. स्वतःचं शरीर

दुपारनंतरच मागे पडत असाल आणि वरचं सगळं ठीक असेल, तर पाणी आणि जेवण बघा. मूत्रविसर्जनाची सोय नाही म्हणून बरेच जण पाणीच पीत नाहीत, आणि मुलींना तर हा त्रास फारच होतो. रूटवरची पेट्रोल पंपाची, मॉलची, सार्वजनिक स्वच्छतागृहं पहिल्याच आठवड्यात नकाशावर खूण करून ठेवा. तहानलेल्या आणि उपाशी माणसाला पत्ता दोनदा वाचावा लागतो, नंबर चुकतात. जेवणाची वीस मिनिटं वाचवून काही हाती लागत नाही.

बराच वेळ बसून गाडी चालवल्यावर लगेच झटक्याने जड खोकं उचलू नका. उतरा, दोन-चार पावलं चाला, मग उचला. खोकं पोटाशी घ्या, पायांवर जोर द्या आणि वळायचं असेल तर कमरेतून न वळता पावलं फिरवा. गाडीतून उडी मारू नका. दोन पाय-एक हात किंवा दोन हात-एक पाय कायम टेकलेले ठेवून उतरा. एकट्याला न पेलणारं पार्सल एकट्याने उचलायचं नसतं, हे हबवर सांगायला लाजू नका.

७. गाडी

रोज सकाळी टायर, लाइट, ब्रेक, आरसे. टायरची हवा गाडी थंड असताना बघा. किती हवी तो आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. कमी हवेच्या टायरवर भरलेली गाडी जड चालते आणि टायर तापतो. मागचं दार अडकतं, कुलूप नीट लागत नाही अशा ‘किरकोळ’ गोष्टी लगेच दुरुस्त करून घ्या. दिवसातून शंभरदा उघडणाऱ्या दारात किरकोळ काही नसतं.

८. पार्सलंच जास्त असतील तर

हे शेवटी, कारण हे तुमच्या एकट्याच्या हातात नाही. वरचं सगळं करूनही आठवडाभर रोज माल उरत असेल तर रूटच एका माणसाच्या दिवसात बसत नाही. मग नुसतं ‘जमत नाही’ न म्हणता सुपरवायझरसमोर नोंद ठेवा : हबमधून किती वाजता सुटलात, पहिला स्टॉप किती वाजता, एकूण स्टॉप, किलोमीटर, जिन्याच्या इमारती किती, शेवटी किती उरले. ‘साहेब, लोडिंगलाच अकरा वाजतात, त्यामुळे पहिला स्टॉप साडेअकराला होतो’ हे वाक्य आकड्यांसह सांगितलं की त्यावर काही करता येतं. काही वेळा दोष हबच्या सॉर्टिंगमध्ये निघतो आणि सगळ्याच रूटना फायदा होतो.

इथे थांबा आणि जाणत्याला बोलवा

ब्रेक पेडल खाली जातं किंवा मऊ लागतं, स्टेअरिंग एका बाजूला ओढतं, जळका वास येतो, टायरला फुगवटा किंवा आतल्या तारा दिसतात : गाडी तिथेच बाजूला लावा आणि मेकॅनिकला बोलवा. ‘हबपर्यंत नेतो’ नको.

पार्सलमधून धूर, फुसफुस, उग्र वास येतो किंवा खोकं आपोआप गरम झालंय : आत बॅटरी किंवा रसायन असू शकतं. उघडून बघू नका. गाडी थांबवा, लांब व्हा, लोकांना दूर ठेवा, अग्निशमन दलाला आणि मग हबला कळवा.

उन्हात चक्कर, उलटी, बोलण्यात गोंधळ, अंग तापलेलं : हा उष्माघात असू शकतो. सावलीत या, अंगावर पाणी घ्या, सोबत कुणाला तरी बोलवा आणि रुग्णवाहिका मागवा. अशा अवस्थेत गाडी चालवू नका.

कंबरदुखी पायात उतरली आणि पाय बधिर किंवा कमजोर वाटू लागला तर डॉक्टर गाठा. जांघेच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला तर वेळ न घालवता हॉस्पिटल, त्याच दिवशी.

कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने १५ मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी लगेच दवाखान्यात जा. ‘पाळीव आहे’ हे ऐकून सोडून देऊ नका.

डोळे मिटायला लागले तर खिडकी उघडून, गाणी लावून भागत नाही. गाडी बाजूला घ्या आणि झोपा. कुणी अंगावर आलं, धमकी दिली, पैसे हिसकावले तर पार्सल किंवा रोकड वाचवत बसू नका. तिथून निघा, पोलिसांना आणि सुपरवायझरला फोन करा.

आणि यातल्या कुठल्याही कारणाने माल उरला तर प्रत्येक पार्सलवर खरं कारण टाका, हबवर नग मोजून परत द्या आणि जमा केल्याची नोंद ॲपमध्ये दिसल्याशिवाय तिथून निघू नका.